पदकाच्या कक्षेबाहेरचे

पद्म सन्मान 1954 मध्ये सुरू झाले. तेव्हा ‘पद्मविभूषण’ एकच होते, पहिला, दुसरा, तिसरा असे त्याचे वर्ग. पद्मभूषण, पद्मश्री ही नावे 1955 मध्ये आली. जनता सरकारने 1977 मध्ये ते बंद केले, 1980 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. नावामागे ‘पद्मश्री’ लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बजावले; निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नसावा!

खरी मेख पात्रतेत आहे. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेतील सरकारी कर्मचारी या सन्मानाला अपात्र. अधिकाऱ्यांसाठी पंतप्रधान पुरस्कार आहेत, पण पुरात बोटीतून पंचनाम्याला जाणारा तलाठी दोन्हींच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याच्यासाठी राज्याने स्वतंत्र सेवापदक काढावे, आणि शिफारशीचा अधिकार ग्रामसभेलाही द्यावा.