भट्टी, भराव आणि पंचगंगा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदीने ५५ फूटही ओलांडले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचा माल अडकला, कामगारही. इंडक्शन भट्टीची वीज मध्येच गेली तर वितळलेला रस आतच गोठतो. म्हणून इथे पुराची सूचना तासांच्या हिशेबाने हवी. पंचनामे मात्र पाणी ओसरल्यावर होतात आणि त्यांत रोजंदारीवरच्या मोल्डरच्या बुडालेल्या मजुरीला क्वचितच जागा मिळते. आम्हाला हा उघड अन्याय वाटतो. महामार्ग पुन्हा बुडू नये म्हणून नुसता भराव घालून तो उंच केला तर पाणी शेजारच्या गावांत तुंबेल. शिरोली ते पंचगंगा पूल या पट्ट्यात महामार्ग खांबांवरच न्यावा, ही मागणी आम्ही या अंकात ठामपणे मांडत आहोत.