मुनव्वर, इंदूर आणि आपण कोकणी

मुनव्वर फारुकीने ऑगस्ट 2024 मध्ये कोकणी माणसांसाठी वापरलेला शब्द मी इथे लिहिणार नाही. प्रेक्षकांशी गप्पा मारताना तो तोंडून गेला, क्लिप फिरली, पुढारी संतापले, मारहाणीची भाषा झाली आणि त्याने जाहीर माफी मागितली.

त्या दोन-चार दिवसांत आम्हा कोकणी मुसलमानांची मोठी पंचाईत झाली. शिवी बसली ती कोकणी म्हणून, आणि ‘बघा तुमचा मुनव्वर काय बोलतोय’ हे ऐकावं लागलं ते मुसलमान म्हणून. जणू तो दर जुम्म्याला आमच्याच मोहल्ल्यात असतो! उलट आपल्यातलेही काही ‘आपला माणूस आहे, सांभाळून घ्या’ म्हणू लागले. मला दोन्ही पटलं नाही. शब्द घाणेरडा होता, माफी मागितली हे बरं केलं. त्यावर विषय संपायला हवा होता.

या पोराची जिंदगी जरा बघा. 1992 साली जुनागढला जन्म. 2002 च्या दंगलीत घर गेलं, पुढे आई गेली. मुंबईत डोंगरीला येऊन भांड्यांच्या दुकानात काम, मग ग्राफिक डिझाइन, मग हातात माईक. 1 जानेवारी 2021 ला इंदूरच्या एका कॅफेत धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. 28 जानेवारीला, म्हणजे नेमक्या त्याच्या वाढदिवशी, उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला: आरोप मोघम आहेत आणि अटकेची रीत पाळलेली दिसत नाही, या मुद्द्यांवर. तुरुंगात 37 दिवस गेले. पुढे गावोगावचे कार्यक्रम रद्द झाले. नोव्हेंबरमध्ये बंगळुरूचाही गेला, तेव्हा तर त्याने आता पुरे असंच जाहीर केलं.

मग टीव्हीने त्याला उचललं. 2022 ला ‘लॉक अप’, 2024 ला ‘बिग बॉस’, दोन्ही जिंकला. पैसा आला, पण माझ्या मते धार गेली. डोंगरीवर, गरिबीवर तो बोलायचा तेव्हा त्यात त्याचं स्वतःचं जगणं होतं. कोकणावरचा तो शेरा मात्र आयता होता, ऐकीव. आपल्याला टोमण्यांचं वावडं नाही हो. अंतू बर्वा रत्नागिरीचाच, आणि पु.लं.नी त्याच्या इरसालपणासकट तो उभा केला म्हणून आपण आजही मिरवतो. लिहिणाऱ्याला गाव ठाऊक होतं.

माझ्या वर्गातल्या मुलांना ‘बिग बॉस’वाला मुनव्वर पाठ आहे, इंदूर कुणालाच माहीत नव्हतं. मी तारीखवार सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण सर, त्या दिवशी त्याने विनोद कुठला केला होता?” मी म्हटलं, ज्या विनोदासाठी पकडलं, तो त्या दिवशी केल्याचा व्हिडिओ पोलिसांकडेही नव्हता. पोरं हसली. त्यांना वाटलं, सर जोक मारतायत.