बेचाळिसाचा पाढा

मार्च २०२४ मध्ये वानखेडे स्टेडियमवर मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले आणि रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा मुंबईकडे गेला. त्या दिवशी आमच्या सीमाभागातल्या मराठी घरांत, बाजारात, शाळेच्या शिक्षक-खोलीत एकच वाक्य कानावर येत होते: ‘आपण जिंकलो.’ मग हरले ते कोण? विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर चौथ्या डावात शतक झळकावून पराभव लांबवीत होता. नागपूर, अमरावती, यवतमाळ हा मुलूख मराठी नाही काय? पण आमच्या मंडळींच्या हिशेबात विदर्भ ‘ते’ आणि मुंबई ‘आपण’.

या ‘आपण’शीच आज मला भांडायचे आहे.

आमच्याकडे रणजी करंडकाचा इतिहास म्हणजे बेचाळिसाचा पाढा. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने ओळीने पंधरा वर्षे विजेतेपद राखले, हे आमच्या पोरासोरांनाही पाठ आहे. पराक्रम खराच आहे; त्याला कमी लेखण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण पाढा पाठ असणे म्हणजे गणित येणे नव्हे, हे आम्हा मास्तरांना वेगळे सांगावे लागत नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, मडगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाने मुंबईचीच बेरीज आपली म्हणून मिरवावी आणि स्वतःच्या अंगणात घडलेला इतिहास विसरावा, याला काखेत कळसा म्हणतात.

मुळात ही स्पर्धा जन्माला आली तेव्हा देशात कोणते क्रिकेट चालत होते ते पाहा. गर्दी खेचणारी स्पर्धा होती मुंबईची चौरंगी, पुढे १९३७ पासून पंचरंगी. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे संघ, आणि ज्यांना या चारांपैकी कुठल्याच घरात जागा नव्हती त्यांचा पाचवा संघ, त्याचे नावच ‘इतर’. माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून तो कोणाकडून खेळणार हे ठरे. १९३४ च्या उन्हाळ्यात सिमल्याला क्रिकेट मंडळाच्या बैठकीत राष्ट्रीय स्पर्धेची कल्पना मांडली गेली, पतियाळाच्या महाराजांनी करंडक दिला, आणि ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासला चेपॉकवर मद्रास विरुद्ध म्हैसूर हा पहिला सामना झाला. तो एका दिवसातच आटोपला. करंडकाला नाव मिळाले ते काठेवाडातल्या अशा राजाचे, जो आपले पंधराच्या पंधरा कसोटी सामने इंग्लंडकडून खेळला होता. म्हणजे नावापासूनच या करंडकाला कुळाचे सोयरसुतक नव्हते. येथे विचारले जाई ते एवढेच: तू राहतोस कुठे, खेळतोस कुठल्या मैदानावर?

हा फरक किती मोठा होता हे ज्याच्या आयुष्यात दिसते तो माणूस आपल्याच मुलखातला, सांगलीचा. विजय हजारे. मराठी, आणि धर्माने ख्रिस्ती. पंचरंगीत त्यांना जागा मिळाली ती ‘इतर’मध्ये. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध ‘इतर’च्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! एवढे करूनही ते ‘इतर’च राहिले. रणजीत ते आधी महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याने त्यांना आपले म्हटले. मार्च १९४७ मध्ये बडोद्यालाच होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली; हजारे २८८, गुल महंमद ३१९. एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा मुसलमान. फाळणी पाच महिन्यांवर आली होती, पंजाब पेटला होता, आणि बडोद्यात ही जोडी खेळपट्टीवर पाय रोवून उभी होती. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. हजारे मात्र बडोदेकर झाले ते कायमचे. २००४ साली त्यांनी देह ठेवला तोही बडोद्यातच. बडोद्याच्या मराठी घरांनी हा माणूस ‘आपला’ म्हणायला बेचाळिसात बसवायचा कुठे?

त्याच सामन्यात समोर जो संघ होता त्याचे तर नावही आज नकाशावर नाही. होळकर! पंधराएक वर्षांत या संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. १९४५-४६ च्या हंगामात इंदूरला म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. संस्थान मराठी, राजा मराठी. पण कर्णधार कोण, तर नागपुरात जन्मलेले तेलुगू घराण्यातले कर्नल सी. के. नायडू. सलामीला इंदूरचाच मुश्ताक अली. सोबतीला चंदू सरवटे आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करून गेला. इंदूरच्या मराठी माणसाने त्या दिवशी कोणाच्या नावाने टाळी वाजवली असेल? मुंबई मराठी म्हणून मुंबईच्या? मला तसे वाटत नाही.

निंबाळकरांचे नाव आलेच आहे तर थोडे थांबतो, कारण आमच्या पाठ्यपुस्तकांना त्यांच्यासाठी एक ओळही सापडलेली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणे त्यांना मानवेना. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. संस्थानिकांच्या आश्रयाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. या माणसाला अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. रणजीत मात्र ते बडोदे, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. पोटामागे हिंडणाऱ्या मराठी माणसाचेच हे चरित्र आहे. जिथे भाकरी मिळाली तिथल्या संघासाठी ते जीव तोडून खेळले. बंगळूरला नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांना तरी यात काही विपरीत वाटू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती कोणीही ताडून पाहावी. रणजीच्या खालोखाल क्रिकेट मंडळाने ज्या स्पर्धा चालवल्या त्यांतल्या चारांची नावे घ्या: देवधर, विजय हजारे, सय्यद मुश्ताक अली, कर्नल सी. के. नायडू. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर महाराष्ट्राचे कर्णधार. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी करंडक जिंकून दिला, आणि तेव्हा त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्याला हात लावला होता. (संस्कृतचा मास्तर म्हटला की आमच्या खेळाच्या शिक्षकांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते त्यावर हा उत्तम उतारा आहे.) हजारे बडोद्याचे. मुश्ताक अली आणि नायडू इंदूरचे. चौघांची कीर्ती ज्या संघांबरोबर जोडली गेली त्यांत मुंबईचा संघ एकाचाही नाही. मर्चंट यांच्या नावाचीही एक स्पर्धा आहे, ती सोळा वर्षांखालील मुलांची. मुंबईकरांनी रागावू नये. नावे काही मी ठेवलेली नाहीत.

होळकर संघ गेला तो राज्यांच्या फेररचनेच्या दिवसांत. १९५४-५५ साली इंदूरलाच मद्रासने त्यांना अंतिम सामन्यात हरवले, आणि त्यानंतर ते नाव रणजीच्या तक्त्यातून पुसले गेले. बडोदे राहिले, हैदराबाद राहिले, सौराष्ट्र राहिले. होळकर तेवढे गेले. मध्य प्रदेशाच्या नावाने इंदूरला पुन्हा करंडक दिसला तो जून २०२२ मध्ये, एकोणसत्तर वर्षांनी. हरवले कोणाला? मुंबईला. मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेच पंडित, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९ चा अंतिम सामना मध्य प्रदेश याच बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाकडून हरला होता. समोर मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. दोघेही रमाकांत आचरेकरांचे शिष्य. आता सांगा, त्या दिवशी ‘आपण’ जिंकलो की हरलो? विदर्भाची पहिली दोन विजेतेपदे, २०१७-१८ आणि २०१८-१९ ची, तीही पंडितांच्याच हाताखाली. त्यांतले पहिले तर इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. एका मुंबईकराने आपली विद्या नागपुराला दिली, इंदुराला दिली आणि मुंबईलाही हरवून दाखवले. त्याने कोणती मराठी अस्मिता बुडवली?

उलट बाजूनेही पाहा. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या अंतिम सामन्यात विदर्भाला तिसरा करंडक मिळाला. दोन्ही डावांत त्यात मोलाची फलंदाजी करुण नायरची, ८६ आणि १३५. घराणे मल्याळी, वाढला आणि घडला कर्नाटकात, खेळत होता नागपूरसाठी, आणि समोर संघ कोणाचा, तर केरळचा! नागपूरकरांनी त्याला आईची भाषा विचारली नाही.

आता आमच्या दारातल्या गोष्टीकडे येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलगा चांगला खेळू लागला की तो धारवाड झोनमधून वर जातो आणि त्याच्या छातीवर कधीतरी कर्नाटकाचे बोधचिन्ह यावे हेच त्याचे स्वप्न असते. दुसरे असणार तरी काय? अशा मुलाला आमच्याच गल्लीत ‘काय, तिकडचा झालास का?’ असे विचारणारे महाभाग मी पाहिले आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये हैदराबादला कर्नाटकाने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवले, तेव्हा घरात टाळी वाजवली म्हणून एका विद्यार्थ्याला वडिलांकडून बोलणी खावी लागली. ज्या संघाच्या निवड-चाचणीसाठी पोराला पहाटेच्या गाडीने पाठवायचे, त्याच संघाच्या विजयावर त्याने तोंड पाडून बसायचे! मुलाच्या मनाचे यात काय होत असेल?

१९७४ साली बंगळूरला मुंबईची पंधरा वर्षांची साखळी तोडली ती याच कर्नाटकाने, प्रसन्नाच्या नेतृत्वाखाली, उपांत्य सामन्यात. त्या सामन्यात शतक काढणाऱ्या गुंडप्पा विश्वनाथला पुढे सुनील गावसकरांनी आपली बहीण दिली. मुंबईकर एवढे मोकळे, आणि मुंबईसाठी रुसून बसायचे आम्ही!

यावर आक्षेप येणार हे ठाऊक आहे. ‘गुरुजी, मग सीमाप्रश्न सोडून दिला म्हणायचा का?’ अजिबात नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे लढला जावो. मराठी शाळा, मराठी फलक, मराठीतून सरकारी कागद या मागण्यांत मी एक अक्षर कमी करणार नाही. माझी सारी नोकरी त्यातच गेली आहे. पण भाषेचा हक्क ही एक गोष्ट आणि खेळाचा संघ ही दुसरी. क्रिकेटचा नकाशा राज्याच्या नकाशाशी कधीच जुळला नाही. एका महाराष्ट्रात तीन संघ, एका गुजरातेत तीन. लोढा समितीच्या शिफारशीनुसार २०१६ मध्ये ‘एक राज्य, एक मत’ असा आदेश झाला, तेव्हा हेच तीन-तीन संघ अडचणीत आले. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदलून सहाही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. न्यायालयालाही कळले की बडोदे म्हणजे गुजरात नव्हे आणि विदर्भ म्हणजे मुंबई नव्हे. पंचरंगीत धर्मावरून संघ ठरत, ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली आणि बरे झाले. धर्माच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर आपण भाषेला नेऊन बसवायचे का?

गोव्याच्या वाचकांनाही दोन शब्द. तुमचा संघ रणजीत आला १९८५-८६ साली. मडगावच्या दिलीप सरदेसाईंना मुंबईकडूनच खेळावे लागले, कारण तेव्हा गोव्याला संघच नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीला स्नेहल कौठणकर (नाबाद ३१४) आणि कश्यप बकले (नाबाद ३००) यांनी तिसऱ्या जोडीसाठी अभंग ६०६ धावा केल्या. रणजीच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी भागीदारी. सामना प्लेट गटातला, समोर अरुणाचल प्रदेश, तेव्हा फार फुगून जाऊ नये. तरी ज्या घरांत बेचाळिसाचा पाढा तोंडपाठ आहे, त्यांतल्या किती घरांना ही दोन नावे ठाऊक आहेत?

आमच्या शाळेच्या फळ्यावर गेल्या काही हंगामांपासून रणजीचे धावफलक लिहिले जातात, सुवाच्य मराठीत: कर्नाटक, महाराष्ट्र, मुंबई, गोवा, बडोदे, विदर्भ, मध्य प्रदेश, हैदराबाद. कर्नाटकाचे नाव पहिले असते, कारण आमची मुले तिथे खेळायला जाणार आहेत. एका पालकाने लेखी हरकत घेतली आहे. अर्ज फाइलला लावला आहे. फळा आहे तसाच राहील. ज्यांना यावर वाद घालायचा असेल त्यांनी शाळा सुटल्यावर चार ते पाच या वेळात कार्यालयात यावे. शनिवारी मात्र येऊ नये. त्या दिवशी मी मुलांबरोबर मैदानावर असतो.