सॅक वॉटरप्रूफ, तरी लॅपटॉप ओला?

दोस्तांनो, नाशिकच्या द्वारका भागातल्या अकरावीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. ताईचा जुना लॅपटॉप आता त्याला मिळालाय आणि तो रोज सकाळी सायकलवरून क्लासला न्यायचाय. बिघडला तर दुसरा मिळणार नाही, असं घरच्यांनी आधीच बजावलंय. ‘थंडीसाठी वॉटरप्रूफ सॅक कशी निवडू?’ असं तो विचारतो. घरात मात्र सगळे हसतात म्हणे, ‘पावसाळा संपला, आता कसली वॉटरप्रूफ!’

हसू देत. २६ नोव्हेंबर २०२३ ला काय झालं, ते निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. थंडीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आणि वर गारा! असा पाऊस द्वारका चौकाच्या गर्दीत गाठतो, तेव्हा रेनकोट केव्हाच माळ्यावर गेलेला असतो.

तर दुकानात जाऊ या. कापडावरच्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नका. पाणी बहुतेक वेळा शिरतं ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून. हे दुखणं जुनंच आहे बरं का! स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनं १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणारं कापड बनवलं. शिंप्यांनी त्याचे कोट शिवले, आणि सुईच्या भोकांतून पाणी आत! शिवाय ते कोट थंडीत ताठ व्हायचे नि उन्हात चिकट.

आजच्या सॅकला बहुधा आतून प्लॅस्टिकसारखा पातळ लेप असतो. सॅक उलटी करून पाहा. लेपाचे पापुद्रे सुटत असतील तर ती परत ठेवून द्या. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तर फारच छान. चेनवर कापडाची झडप तरी हवीच. लेबलवर ‘१५०० मिमी’ असं दिसलं तर समजा, त्या कापडावर दीड मीटर उंच पाणी उभं केलं तरी ते पाझरत नाही. ‘६०० डी’ ही गोष्ट वेगळी. त्यातला ९००० मीटर धागा वजनाला ६०० ग्रॅम भरतो, म्हणजे धागा जाड, कापड दणकट. पाणी अडवण्याशी त्याचा संबंध नाही, पण दुकानदार दोन्ही एका दमात सांगतो!

मला विचाराल तर थंडीत लॅपटॉपचा मोठा शत्रू आभाळात नसतोच, तो सॅकमध्येच बसलेला असतो. पाण्याची बाटली! साध्या सॅकमधून सांडलेलं पाणी निदान ठिबकून जातं. उत्तम वॉटरप्रूफ सॅक ते बादलीसारखं धरून ठेवते, आणि लॅपटॉप त्यात उभा. म्हणून बाटलीचा कप्पा बाहेरच्या बाजूला हवा. लॅपटॉपचा कप्पा वेगळा, आणि सॅकच्या तळापासून दोन बोटं वर शिवलेला हवा. हात घालून बघाच.

दुसरा शत्रू दिसतसुद्धा नाही. उन्हाळ्यात गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना? हवेतली वाफ गार काचेवर जमते. वीस मिनिटांच्या सायकलीत लॅपटॉप एवढा गार पडणार नाही. पण रात्रभर गॅलरीत राहिला, किंवा निफाडकडून पहाटे गाडीवर आला, आणि थेट आंघोळीचं पाणी उकळतंय त्या खोलीत उघडला, तर त्यालाही घाम फुटतो, आतूनही. इथे कुठलंही लेबल कामाचं नाही. लॅपटॉप बंद सॅकमध्येच अर्धा-पाऊण तास राहू द्या. तो हळूहळू खोलीइतका उबदार होतो, नि वाफ जमलीच तर सॅकच्या अंगावर जमते.

पैसे कमी असतील तर? जुनीच सॅक घ्या. आत जाड प्लॅस्टिकची न फाटलेली पिशवी, तिचं तोंड तीनदा दुमडून घट्ट क्लिप लावा. नदीत राफ्टिंग करणाऱ्यांच्या पिशव्यांची युक्ती हीच, तोंड गुंडाळायचं. रेनकव्हर स्वस्त पडतं, पण पाठीकडची बाजू उघडीच राहते, तिथून पाणी उतरतं.

नवी असो की जुनी, लॅपटॉप ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या. सॅकमध्ये कोरडा वर्तमानपत्राचा कागद भरा, चेन लावा आणि न्हाणीघरात पाच मिनिटं वरून तांब्या-तांब्यानं पाणी ओता. मग कागद काढून बघा, कुठल्या कोपऱ्यातला भिजलाय ते. चेनजवळचा भिजला असेल तर पिशवीची युक्ती हवीच. तळाचा भिजला असेल, तर ती सॅक डब्यापुरती ठेवा.