व्यसनमुक्तीचे व्याकरण

मराठीत व्यसन ‘लागते’ आणि व्यसन ‘सुटते’. दोन्ही वाक्यांत कर्ता व्यसन आहे. माणूस उरतो तो ‘त्याला’ लागले, ‘त्याचे’ सुटले एवढ्यापुरता. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचे आत्मभान हा विषय मानसशास्त्राचा असला, तरी त्याची एक बाजू भाषेची आहे, असे आम्हांला वाटते. ‘सहज त्या रस्त्याने गेलो, जुना मित्र भेटला आणि घेतली गेली’, या वाक्यात घटना तीन आहेत. निर्णय मात्र एकही दिसत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी नेमका हा न दिसणारा निर्णय शोधला. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की घसरण पहिल्या घोटापाशी सुरू होत नाही. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या आधीच्या छोट्या निवडींत तिची सुरुवात असते. तसेच, एकदा पाय घसरल्यावर ‘आता सगळेच संपले’ हा विचार माणसाला पुन्हा पूर्ण व्यसनात लोटू शकतो. म्हणजे विचारकौशल्य येथे बुद्धीचा दागिना नसून टिकून राहण्याचे साधन आहे. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी चौथी पायरी आत्मपरीक्षणाची आहे आणि दहावी ते पुढेही चालू ठेवण्याची. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही औषधांइतकेच महत्त्व परस्परांशी मोकळेपणाने बोलण्याला मिळाले.

परंतु बोलणे म्हणजे विचार करणे नव्हे. अधःपतन, साक्षात्कार, उद्धार हा साचा पाठ झाला, की माणूस स्वतःची गोष्टही दुसऱ्याची असल्यासारखी सांगू लागतो. श्रोते गहिवरतात, तो रस्ता का निवडला, हा प्रश्न तसाच राहतो.

मग प्रत्येक वाक्यात ‘मी’ घातला की झाले का? तसेही नाही. तलफ खरोखरच ‘येते’. ती कोणी ठरवून आणत नाही. दीर्घ व्यसनाने मेंदूच्या कार्यात बदल होतात, हे आज वैद्यकाने मान्य केले आहे. ‘सगळे मीच केले’ म्हणणारा अपराधभावात बुडतो, ‘सगळे घडले’ म्हणणारा असहायतेत. कोणते क्रियापद कोठे खरे, हे ओळखता येणे म्हणजे आत्मभान. तलफ आली, रस्ता मी निवडला.

साहित्याने व्यसन बरे होते, असा आमचा दावा नाही. उपचारांना पर्याय नाही. मात्र कथेत निवेदक काय गाळतो, हे आपण वर्गात शिकवतो, ते केवळ दहा गुणांच्या प्रश्नासाठी नसावे. घरी परतलेल्या माणसाला आपण विचारतो, ‘सुटली का?’ या प्रश्नातही कर्ता दारूच आहे. ‘आज कसे निभावलेस?’ असे विचारले, तर निदान उत्तर त्याला स्वतःला शोधावे लागेल.