दुकानातील गर्दी आणि भागधारकाचा लाभ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवण्यास जागा नसते आणि पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शहरातील मोठ्या विक्रीभांडारांत पैसे भरण्यासाठी लांब रांगा लागतात. अशा रांगेत उभ्या असलेल्या नोकरदाराच्या मनात हल्ली एक नवा विचार डोकावू लागला आहे. येथे दरमहा एवढे पैसे मोजावयाचे, तर या कंपनीचे शेअर घेऊन त्यांतील काही परत का मिळवू नयेत? हा विचार आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२५ अखेर ती एकोणीस कोटींवर गेली. भविष्य निर्वाह निधी, टपाल खात्याची बचतपत्रे आणि थोडेसे सोने एवढ्यावर विसंबणारा वर्ग शेअरबाजाराकडे वळत आहे. म्हणूनच दुकानातील गर्दी हा गुंतवणुकीचा पुरेसा आधार आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भागभांडवलाचा व्यवहार नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीच्या अडचणी ओसरल्यावर या गिरणीने भागधारकांना वर्षानुवर्षे लाभांश दिला. पुढे तीही आजारी पडली, सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर व्यापारसंकुल उभे आहे. कापड विणण्याच्या जागी कापड विकले जाऊ लागले, हा केवळ शहराचा नव्हे, तर गुंतवणुकीच्या दिशेचाही पालट आहे. मात्र गिरणीचा नफा आणि दुकानाचा नफा यांची जात वेगळी असते.

किरकोळ व्यापारात, विशेषतः किराण्यात, दर नगामागे सुटणारा नफा अत्यल्प असतो. ‘डी-मार्ट’ चालविणाऱ्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्‌स कंपनीची २०२४-२५ मधील विक्री सुमारे ५९ हजार कोटी रुपयांची होती आणि निव्वळ नफा सुमारे २,७०० कोटींचा. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे पाच रुपयेही हाती राहिले नाहीत. देशातील अत्यंत यशस्वी मानल्या जाणाऱ्या कंपनीची ही स्थिती. एवढ्या बारीक नफ्यात भाडे थोडे वाढले, माल पडून राहिला किंवा कर्जाचे व्याज चढले, तरी गर्दी तशीच राहून नफा नाहीसा होतो.

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला पहिले दुकान काढले. दुकानाची जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची ठेवावी, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवून त्याच्याकडून कमी भावात माल घ्यावा आणि विस्तार सावकाश करावा, ही त्यांची पद्धत. उलट किशोर बियाणी यांचे ‘बिग बझार’ २००१ पासून झपाट्याने देशभर पसरले. गर्दी तेथेही कमी नव्हती. परंतु जागा भाड्याच्या, विस्तार कर्जाच्या पैशांवर आणि प्रवर्तकांच्या शेअरांचा मोठा हिस्सा तारण. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. विक्री आटली, भाडे आणि व्याज मात्र थांबले नाही. रिलायन्सला धंदा विकण्याचा करार अॅमेझॉनशी झालेल्या वादात अडकला आणि एप्रिल २०२२ मध्ये मोडला. त्याआधीच, फेब्रुवारीत, भाडे थकलेली अनेक दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली होती. जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेलविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. कधी काळी पाचशे रुपयांच्या वर गेलेला शेअर काही रुपयांवर येऊन पडला.

विशाल रिटेलची कथा याच वळणाची. २००७ मध्ये २७० रुपयांना विकलेल्या तिच्या शेअरांवर लोकांच्या उड्या पडल्या. पुढे कर्जाचा बोजा न पेलवून २०११ मध्ये दुकानांचा धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला. ‘विशाल मेगा मार्ट’ हे नाव टिकले आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांची कंपनी त्याच नावाने बाजारात आली. जुन्या भागधारकाला मात्र या पुनर्जन्माचा काही उपयोग नव्हता.

येथेच या व्यवहाराचे मर्म आहे. दुकान टिकले म्हणजे त्याचा भागधारकही टिकला, असे नाही. दिवे लागलेले असतात, गिऱ्हाईक येत असते, पाटीवरचे नाव तेवढे बदललेले असते. पण कंपनी बुडाल्यावर आधी सावकार, कामगार आणि सरकार यांची देणी भागतात. भागधारकाची पाळी शेवटची, आणि तिथवर बहुधा काही उरत नाही.

बरे, कंपनी चांगली निवडली तरी प्रश्न संपत नाही. डी-मार्टचा शेअर मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विकला गेला आणि बाजारात येताच पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने पाच हजारांचा टप्पा ओलांडला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीची २३४ दुकाने होती. मार्च २०२५ मध्ये ती ४१५ झाली. तरीही २०२४ च्या अखेरीस शेअर चार हजारांच्या खाली होता. घरबसल्या काही मिनिटांत माल पोहोचविणाऱ्या सेवांचा महानगरांतील विक्रीवर परिणाम होत असल्याचे कंपनीनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले आणि भाव एकाच दिवसात कोसळला. धंदा वाढत असताना गुंतवणूकदार तोट्यात राहू शकतो. कारण भविष्यातील वाढीची किंमत त्याने आधीच मोजलेली असते.

याचा अर्थ नोकरदाराने शेअरबाजाराचे नावच काढू नये, असा नव्हे. इतवारीतील जाणता व्यापारी शेजारच्या दुकानाची पारख गर्दीवरून करीत नाही. जागा कोणाची, माल किती दिवसांत निघतो, भांडवल घरचे की सावकाराचे आणि उधारी किती, हे तो आधी विचारतो. याच प्रश्नांची बरीचशी उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात छापलेली असतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला किंवा कचेरीत रोज ताळेबंद जुळविणाऱ्या कारकुनाला ते आकडे वाचणे अवघड जाऊ नये. मुलीच्या शिक्षणासाठी वा निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी राखलेला पैसा रांगेची लांबी पाहून गुंतविणे, हे मात्र सौद्याचे वजन न पाहता दाम मोजण्यासारखे आहे.