जो लुईसचा हिशेब

पोस्टिंग कुठलंही असो, बॅरॅकमध्ये बॉक्सिंगचा विषय निघाला की वाद दोनच नावांवर रंगतो, अली आणि टायसन. १९६७ साली अलीने सैन्यात भरती व्हायला नकार दिला, त्याचा किताब काढून घेतला गेला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी एक हेवीवेट चॅम्पियन स्वतःहून सैन्यात गेला होता. त्याचं पुढे काय झालं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प. त्याचं नाव जो लुईस. माझ्या मते वर्दीतल्या प्रत्येकाने हे आयुष्य माहीत करून घ्यायला हवं. खेळासाठी तर हवंच, पण त्याहून जास्त त्याच्या हिशेबासाठी.

लुईस जन्मला १९१४ साली, अलाबामात, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबात. पुढे कुटुंब डेट्रॉइटला आलं. आईने व्हायोलिन शिकायला दिलेले पैसे पोराने बॉक्सिंगवर घालवले. मंदीच्या काळात या कुटुंबाने सरकारी मदत घेतली होती. लुईस कमवायला लागल्यावर त्याने ती मदत सरकारला परत केली. मागायला कुणी आलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९३७ साली तो विश्वविजेता झाला. आधीच्या वर्षी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवलं होतं. २२ जून १९३८ ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर दोघे पुन्हा भिडले. एकीकडे हिटलरची जर्मनी, दुसरीकडे अमेरिका, असंच लोकांनी त्या लढतीकडे पाहिलं. लुईसने ती पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपवली. ज्या देशात त्याला कित्येक हॉटेलांत बसून जेवता येत नव्हतं, त्या देशाचा तो एका रात्रीत हिरो झाला.

मग पर्ल हार्बर झालं. जानेवारी १९४२ मध्ये लुईस बडी बेअरशी लढला आणि सुमारे ४७ हजार डॉलरची कमाई त्याने नौदलाच्या मदत निधीला दिली. त्या काळी नौदल कृष्णवर्णीयांना जेवणघरात वाढपी म्हणून घेत होतं, बाकी कामांची दारं बंद. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी लुईसला जाब विचारला. त्याचं म्हणणं साधं होतं, अमेरिकेत चुकीचं पुष्कळ आहे, पण हिटलर काही ते दुरुस्त करणार नाही. पैसे देऊन तो थांबला नाही, साधा शिपाई म्हणून भरती झाला. पगार महिना २१ डॉलर. मार्चमध्ये तो अब सायमनशी लढला, ती सुमारे ३६ हजारांची कमाई सेनेच्या मदत निधीला.

सैन्यात त्याने ९६ प्रदर्शनी लढती केल्या, अंदाजे वीस लाख सैनिकांसमोर. गोरे आणि काळे सैनिक वेगळे बसवणार असाल तर मी लढणार नाही, हे तो तोंडावर सांगायचा. फोर्ट रायलीत कृष्णवर्णीय जवानांना अधिकारी प्रशिक्षणापासून अडवलं जात होतं, तेव्हा त्याने आपली ओळख वापरून ते दार उघडायला मदत केली. त्यातून अधिकारी झालेल्यांत जॅकी रॉबिन्सन होता, जो पुढे बेसबॉलमधली वर्णभिंत तोडणार होता. १९४५ मध्ये लुईसला लीजन ऑफ मेरिट मिळालं आणि तो घरी गेला.

घरी करखात्याची नोटीस होती. ज्या दोन लढतींची कमाई त्याने दान केली होती, तीसुद्धा त्याचं उत्पन्न म्हणून धरली गेली. कर, दंड, व्याज असं वाढत ते देणं पाच लाख डॉलरच्या वर गेलं आणि नंतर आणखी फुगलं.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे रडगाणं होईल. लुईस उधळ्या होता. मित्र, नातेवाईक, जो हात पसरेल त्याला द्यायचा. धंद्यांत पैसे बुडवले, प्रवर्तकाकडून उचल घेतली. सगळं कर्ज काही त्या दोन लढतींचं नव्हतं. कायदा सगळ्यांना सारखा, चॅम्पियनला वेगळा का, असं कुणी म्हटलं तर तो मुद्दा चुकीचा नाही.

तरीही मला पटत नाही. त्याचा चेहरा भरतीच्या पोस्टरवर छापताना सरकारला तो वेगळा वाटला होता. निधीचा धनादेश घेताना, 'बाबा, याचा कर कसा बसेल ते आधी बघून घे' एवढं सांगणारा एक कारकूनही कुणी त्याच्यासाठी बसवला नाही. ज्याने न मागता मदतीचे पैसे परत केले होते, त्याला सरकारने थकबाकीदार ठरवलं. यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपापला नियम पाळला. आपल्यापैकी ज्यांनी एखादा क्लेम किंवा एरिअर्सचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाताना पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

कर्ज फेडायला तो निवृत्तीतून रिंगमध्ये परतला. ऑक्टोबर १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. जिंकलेला मार्सियानोच रडला, म्हणतात. त्यानंतर लुईसने पैशांसाठी कुस्तीचे खेळ केले, शेवटी लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांशी हात मिळवायची नोकरी. १९८१ मध्ये तो गेला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियमाला अपवाद करून त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत श्मेलिंग होता. युद्धात जर्मन पॅराट्रूपर म्हणून उतरलेला, यँकी स्टेडियमवर हरलेला तोच श्मेलिंग.

नियमाला अपवाद करता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं. फक्त तीस वर्षं उशिरा.

आपल्या फौजेचे हेवीवेट हवा सिंग आठवा. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण, मग भिवानीत पोरं घडवली. द्रोणाचार्य पुरस्कार हातात पडायच्या काही दिवस आधी, ऑगस्ट २००० मध्ये ते वारले. त्यांची गोष्ट लुईसइतकी कडू नाही, पण उशीर तोच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. युनिटचं नाव काढणारा खेळाडू जवान असतो, त्याच्या मेडलचे फोटो मेसच्या भिंतीवर लागतात. त्याचा गुडघा गेल्यावर पुढची नोकरी कोणती, त्याचे कागद कोण बघणार, हे फोटो लावायच्या दिवशीच ठरलेलं असावं. बिगुल आणि सलामी आपण कधीच विसरत नाही. जिवंत माणसाची फाइल मात्र वेळेवर पुढे सरकवावी लागते, आणि ते काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असावं लागतं.